त्र्यंबकपंत दफ्तरदारांनी स्वहस्ते होडी कोरिली ते वर्तमान

श्रीगजवदन प्रसन्न. ज्याने पाणी केले, पाण्यावर तरंगेल ऐसे लाकूड केले, आणि त्या लाकडाहून जड ऐसे डोके मनुष्याच्या खांद्यांवर बसवून दिले, त्या जगन्नियंत्यास दंडवत घालून हे वर्तमान लिहिले. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, संवत्सराचे नाव दुर्मुख. नावास इलाज नाही. ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, कां की जे त्या राज्यात घडले ते कोणत्याही राज्यात घडते. त्या राज्यात एक खाडी होती आणि खाडीच्या अलीकडील तीरी त्र्यंबकपंत दफ्तरदार नांदत होते. पंतांनी तीस वर्षे राज्याचे दफ्तर राखिले, कोणता कागद कोठे आहे हे आपणाखेरीज कोणास सापडू दिले नाही, आणि मग वयोपरत्वे घरी बसले. तेव्हा कचेरीत आनंद जाहला आणि घरात चिंता उत्पन्न जाहली. ही चिंता ज्यांच्या वाट्यास आली त्या म्हणजे पंतांचे कुटुंब सगुणाबाई. बाई मुळच्या खाडीच्या वरच्या अंगच्या. चिखल, पाणी आणि नवऱ्याचा स्वभाव तिन्ही गोष्टी ओळखून होत्या आणि तिहींत पाऊल जपून टाकीत होत्या.

कार्तिक मासी पंत पलीकडील तीरी लग्नकार्यास गेले आणि परतते समयी गोमा तांडेलाच्या नावेत बसावयास आले. गोमा हा वाडवडिलांपासून त्या तरीवर माणसे उतरून देणारा. खाडीवर दुसरी नाव नाही. पंत बोलिले, "आम्हास पुढील टोकास जागा दे." गोमा बोलिला, "पुढे बकरे बांधलेय, पंत. तुमी मधी बसा, त्या सुकटीच्या पाटीपाशी." पंत बोलिले, "आम्ही कोण, हे तुज ठाऊक नाही काय?" तेव्हा गोमाने वल्हे थांबविले नाही, मानही वळविली नाही, आणि उत्तर केले, "ठाव हाय की. पण नावेत बसला तो भार. पागोट्याचे वजन आमी येगळे धरीत नाय." यावर नावेतील अवघी माणसे हसली, आणि बकरे ओरडले तेही पंतांस हसल्यासारखेच भासले. मग पंत अलीकडील धक्क्यावर उतरले, खाडीचे पाणी ओंजळीत घेतले आणि सर्वांदेखत प्रतिज्ञा केली, की आजपासून या नावेत आम्ही पाय ठेवणार नाही, आमच्या घरचे कोणी ठेवणार नाही, आमची होडी आम्ही आमच्या अंगणात स्वहस्ते करू. गोमा बोलिला, "करा. खाडी काय माझ्या एकल्याची न्हवे." शत्रू इतका नरम पडला हे पाहून पंतांस परम संतोष जाहला.

घरी येऊन प्रतिज्ञा सांगितली तेव्हा सगुणाबाई तांदूळ निवडीत होत्या, त्या निवडावयाच्या राहिल्या. कारण ऐसे, की त्यांची एकुलती कन्या आवडी पलीकडील तीरी दिली होती आणि तीस पाचवा महिना होता. सासू निवर्तलेली, नवरा मोहिमेवर गेलेला, घरात सासरा एकटा, त्यास ऐकू येत नसे. सातव्या मासी मुलीस बाळंतपणास माहेरी आणावयाचे ठरले होते, आणि डोंगराला वळसा घालून खुष्कीने आणावे तर तीन दिवसांचा खडकाळ रस्ता, गरोदर बाईच्या कामाचा नव्हे. बाई हळूच बोलिल्या, "मुलीस पौषात आणावयाचे आहे. तोवर होडी होईल काय?" पंत बोलिले, "तोवर? आमची होडी जाईल आणि कन्या घेऊन येईल. शब्द दिला." आणि लागलीच व्याह्यांस पत्र लिहिले, की आमच्या कन्येस गोमाच्या नावेत बसवाल तर संबंध तुटला ऐसे समजावे, आमची होडी येईपर्यंत वाट पहावी. व्याही कानाने बहिरे परंतु वाचावयास तीक्ष्ण; पत्र अक्षरशः मानिले.

मग होडीस झाड पाहिजे म्हणून परसातील आंब्यावर दृष्टी गेली. हा आंबा लोणच्याचा, सगुणाबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोय लाविली तो. बाई बोलिल्या, "दुसरे झाड मिळणार नाही?" पंत बोलिले, "राज्यकार्यात लोणचे आणू नये." मग चार लाकूडतोडे आणवून आंबा पाडिला आणि ओंडका अंगणात घातला. कोणी विचारिले, की स्वहस्ते करणार होता ना, तेव्हा पंतांनी खुलासा केला, की झाड पाडणे हे होडी करणे नव्हे. पुढे साल काढणे हेही होडी करणे नव्हे ऐसे निघाले, ओंडका उलटणे हेही नव्हे ऐसे निघाले, आणि होडी करणे म्हणजे नेमके काय, याविषयी मार्गशीर्ष मास विचार चालला.

पौष शुद्ध पंचमीस मुहूर्त निघाला. पंतांनी सोवळे नेसून ओंडक्याची पूजा केली, लाकूड तासावयाचा वाकस हाती घेतला आणि तीन घाव घातले. पहिला घाव लाकडावर बसला, दुसरा सटकला, तिसरा पंतांच्या धोतराचा सोगा घेऊन ओंडक्यात रुतला तो दोघा गड्यांनी ओढून काढिला. इतके शौर्य जाहल्यावर उजव्या तळहातास फोड आला. मोहीम तहकूब होऊन पंत ओसरीवर जाऊन बसले आणि हातास लोणी लावून घेतले. हे सर्व धाकू सुतार अंगणाच्या दगडी गडग्यापाशी उभा राहून पाहत होता. धाकूने उभ्या आयुष्यात चाळीस होड्या कोरिलेल्या, म्हणून होड्यांविषयी त्याचे मत घेण्याचे कारण नव्हते. तरी तो बोलिला, "पंत, वाकस असा आडवा धरू नका, पायावर येईल. आणि होडी अरुंद आहे, उलांडी लावा. बाजूस तरंगता दांडा बांधला नाही तर होडी कुशीवर निजते." पंत संतापून बोलिले, "उलांडी ही होडीची कुबडी. आमची होडी लंगडी नव्हे. आणि तू या अंगणात पाऊल ठेवलेस तर ती होडी आमच्या हातची राहणार नाही. गडग्याबाहेर उभा रहा." धाकू म्हणाला, "बाहेरच उभा आहे की," आणि गेला.

पुढील पंधरा दिवस पंतांनी होडीवर अतोनात मेहनत घेतली. प्रातःकाळी ओंडक्याभोवती तीन फेऱ्या घालीत, मग कोण्या दिशेस तोंड असावे, पुढील टोकास कमळ कोरावे की मोर, होडीचे नाव काय ठेवावे, याचा खल करीत, आणि भोजनोत्तर इतके थकून जात की दोन घटका गाढ निजत. रोज सायंकाळी रोजनिशीत लिहीत, "आज होडीचे काम पुष्कळ जाहले." ओंडका मात्र ओंडकाच होता. पौष सरत आला, आवडीस सातवा सरत आला, आणि पलीकडून निरोप आला की पायांस सूज आहे, आई केव्हा येते. सगुणाबाईंनी निरोप ऐकिला, भांडी विसळून पालथी घातली, ओसरीवर पंत घोरत आहेत हे पाहिले, पदर खोचला आणि वाकस उचलिला.

दहा घाव घातले तो गडग्याबाहेरून आवाज आला, "बाई, मनगट सैल सोडा. वजन वाकसाला आहे, तुम्ही नुसते दाखवा." धाकू होता. बाई बोलिल्या, "तुम्हास अंगणात यावयाची बंदी आहे." धाकू बोलिला, "पाऊल बाहेर आहे. जिभेस बंदी कोठे आहे?" मग त्या दिवसापासून ऐसी रीत पडली, की पंतांनी डोळे मिटावे, बाईंनी वाकस घ्यावा आणि धाकूने गडग्यावर कोपरे टेकून सांगावे. त्याने शिकविले की तळ चार बोटे ठेवावा, भिंती दोन बोटे, आणि उरले किती ते बोटाच्या पेराने ठोकून ऐकावे. "नारळ घेताना वाजवून पाहता ना, तैसे. भद्द बोलले तर जाड आहे, ठण बोलले की थांबा." बाईंचा कान तीस वर्षे नारळ वाजवून तयार जाहलेला, तो होडीस उपयोगी पडला. तीन दिवसांत हातास फोड आले, आठ दिवसांत फुटले, आणि मग कातडे ऐसे जाहले की चुलीतील निखारा उचलावा. आणि बाईंस आत कोठेतरी, मुलीची काळजी अखंड असता, एक लबाड सुखही वाटू लागले. ढलपी नीट निघाली आणि कच्च्या आंब्याचा वास आला, की त्या दुपार कधी होते याची वाट पाहत.

ओसरीवर जागे होऊन पंत अंगणात येत आणि होडी कालच्याहून खोल दिसे. प्रथम दिवशी ते चकित जाहले. दुसऱ्या दिवशी विचारात पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सिद्धांत केला, की काल आपण काम केले ते आपल्याच स्मरणात राहिले नाही, थोर पुरुषांस ऐसे होते. बाईंस बोलाविले आणि बोलिले, "पाहिलेत? हात लागला की लाकूड लोण्यासारखे निघते." बाई बोलिल्या, "होय, हातच तसा आहे." त्या रात्री डोक्यास तेल घालून घेता पंत कुरकुरले, "तुमचे हात फार खरखरीत जाहले. काय करता काय दिवसभर? आमच्याकडे पहा, इतके सुतारकाम करून हात कसा मऊ आहे." बाईंनी तेल जरा जोराने चोळिले. त्यास पंतांनी उत्तम मालीश ऐसे म्हटले.

येणेप्रमाणे माघ गेला. होडी आतून कोरली, बाहेरून तासली, चीर होती तेथे काथ्या आणि राळ भरिली. फाल्गुन लागला, आवडीस नववा लागला, आणि आता होडी लोटावी तर पंत मोराच्या पिसाऱ्याशी अडले. होडीस जलप्रवेश गुढीपाडव्यास, त्याआधी नाही, ऐसा हुकूम जाहला. बाई बोलिल्या, "तिचे दिवस भरत आले. मी गोमाच्या नावेने जाते." पंत बोलिले, "गेलात तर आमचा शब्द गेला." बाई बोलिल्या, "आणि मुलगी गेली तर?" यावर पंत रागावले आणि मोराच्या पिसाऱ्याकडे वळले.

फाल्गुन शुद्ध एकादशीस, दिवस प्रहरभर वर आला तो पलीकडील गडी धापा टाकीत आला. सरत्या ओहोटीत, उरल्या पाण्यात गोमाच्या नावेतून उतरला होता. बोलिला, "पहाटेपासून पोटात कळा आहेत. आवडीबाई ओरडतात आणि मालक विचारतात की घर एवढे शांत का. लवकर चला." सगुणाबाईंनी काशी सुईणीस बोलावू पाठविले आणि धक्क्यावर धाव घेतली, तो ओहोटी पुरती लागलेली. गोमाची थोरली नाव चिखलात बसली होती आणि मध्ये पाण्याची एक पट्टी उरली होती, तीत मोठी नाव चालेना. गोमा कपाळास हात लावून बोलिला, "बाई, भरतीला दोन प्रहर हायेत. माझी नाव आता हलायची न्हाय. हलके काय असेल तर जाईल." बाईंनी गोमाकडे पाहिले, मग माघारी घराकडे पाहिले आणि बोलिल्या, "हलके आहे. चार माणसे घेऊन माझ्यासंगे ये." गोमा, धाकू आणि चार कोळी अंगणात शिरले, होडी खांद्यावर घेतली, आणि पंत "मुहूर्त! मुहूर्त!" ऐसे म्हणत मागून धावले. धाकूच्या काखेत पांगाऱ्याचा एक हलका दांडा होता. त्याने पौषातच घरी उलांडी करून ठेविली होती आणि कोणास बोलिला नव्हता.

होडी पाण्यावर टेकली ती तरंगली. बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, परंतु रडावयास सवड नव्हती. होडीत दोनच माणसांस जागा: एक बांबू रेटणारे आणि एक सुईण. तेव्हा पंत पुढे जाहले. पागोटे, अंगरखा, खांद्यावर उपरणे. बोलिले, "प्रथम आरोहण निर्मात्याचे." काशी सुईण बोलिली, "बाळंतपण तुम्ही करणार का?" धाकू बोलिला, "निदान उलांडी बांधू द्या." पंत बोलिले, "कुबडी नको," आणि पुढील टोकास चढले. बसते तरी एक वेळ निभावते. परंतु दोन्ही तीरांवरील प्रजा पाहत आहे ऐसे मनात आणून पंत उभे राहिले आणि उजवा हात वर केला. होडीने क्षणभर मान राखिला. मग डावीकडे कलली, मग उजवीकडे कलली, आणि पंतांस मांडीइतक्या पाण्यात अलगद ठेवून पुन्हा सरळ जाहली.

सगुणाबाईंनी पाहिले. पंत उठले, खोकले, गोमाच्या हातास लागले, जिवास धोका नाही, इतके पाहिले आणि बोलिल्या, "धाकूदादा, दांडा बांधा. काशीबाई, बसा." धाकूने चार वेढ्यांत उलांडी आवळिली, एकाने आतील पाणी उपसले, गोमाने आपला बांबू बाईंच्या हाती दिला आणि बोलिला, "त्या खुंटाच्या डाव्या अंगाने जा, तिथे पाणी हाय. उजवीकडे रुताल." बाईंनी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, बांबू तळास रोविला आणि रेटा दिला. बालपणी वरच्या अंगास केलेले, तीस-पस्तीस वर्षे न केलेले, परंतु हात विसरले नव्हते. काशीबाई डोळे मिटून रामनाम घेत होती. बाई देवाचे नाव घेत नव्हत्या, तळ किती खोल आहे ते बांबूवर मोजीत होत्या. मागून पंतांचा आवाज येत होता, की होडी परत आणा, हा अपमान आहे. तो हळूहळू लहान जाहला.

इकडे गोमा पंतांस बोलिला, "माझ्या नावेत चढून बसा, अंग वाळवा. ती चिखलात हाय, कुठं जात न्हाय." पंतांनी नावेकडे पाहिले, प्रतिज्ञा आठवली, आणि नावेच्या काठास धरून गुडघाभर चिखलात उभे राहिले. गोमा बोलिला, "मग धक्क्यावर तरी जावा." परंतु धक्क्यावर प्रजा हसत होती. म्हणून भरती येईपर्यंत दोन प्रहर उन्हात पंत तैसेच उभे होते, खेकडे पायांवरून गेले, परंतु शब्द गेला नाही. ऐसा दृढनिश्चय पूर्वी कोणी केला नाही, कां की पूर्वी कोणास त्याची गरज पडली नाही.

पलीकडे मूल आडवे आले होते आणि आवडीच्या अंगातील बळ सरले होते. काशीबाईने बाह्या सारल्या, पोटावर हात फिरवून मूल वळविले, आणि सगुणाबाईंनी मुलीस पाठीमागून धरून ठेविले. "आई, मी मरेन का?" "नाही. मी आले आहे ना." "इतका उशीर का केलास?" बाईंनी तीस अधिक घट्ट धरिले. तिसऱ्या प्रहरी कन्या जाहली, प्रथम निळी होती, मग रडली, मग लाल जाहली. बहिऱ्या सासऱ्याने दाराबाहेरून विचारिले, "काही जाहले काय?" काशीबाई घाम पुसून बोलिली, की भरतीची वाट पाहिली असती तर दोहोंपैकी एकच जीव हाती लागता. बाईंनी नात मांडीवर घेतली तेव्हा आवडीने आईचे तळहात पाहिले आणि उलटेसुलटे करून विचारिले, "हे काय जाहले?" बाई बोलिल्या, "परसातला आंबा पाडला ना, तो आवरीत होते." मुलगी आईकडे पाहत राहिली. तीस सर्व कळले की नाही ते ठाऊक नाही, परंतु तिने तो हात गालाखाली घेतला आणि झोपी गेली.

पंतांनी बारशाआधीच्या दिवसांत हकीकत लिहून किल्ल्यावर धन्यांस पाठविली, की आम्ही स्वहस्ते होडी कोरून खाडीत लोटिली आणि तीमुळे दोन जीव वाचले. धनी कामात होते, त्यांनी न वाचता संतोष केला आणि शेला आणि "नौकाधुरंधर" ऐसा किताब धाडिला. लोकांनी मुजरे केले. नातीचे बारसे मात्र पलीकडे होते, आणि अवघा गाव गोमाच्या नावेतून जाणार होता, आणि किताब पांघरून खाडी ओलांडता येत नाही. आदल्या दिवशी सगुणाबाई कुंची, डिंक आणि मेतकूट न्यावयास अलीकडे आल्या. होडी धक्क्यास बांधिली. राळेतून एके ठिकाणी पाणी झिरपत होते. सामान भरून निघाल्या, तो पंत धक्क्यावर उभे. नवा शेला खांद्यावर, परंतु मान खाली. शेल्याचा पदर सारखा केला. मग बोलिले, "नातीचे नाक कोणावर गेले आहे?" बाई बोलिल्या, "येऊन पहावे." पंत बोलिले, "होडीत... जागा आहे काय?"

बाईंनी बांबू हाती घेतला, सामान एका अंगास सारले आणि बोलिल्या, "आहे. पाणी उपसावयास माणूस लागते."

पंतांनी शेला काढून घडी घातली, कुंचीच्या गाठोड्यावर ठेविली, होडीच्या तळाशी मांडी घालून बसले आणि करवंटी हाती घेतली. पैलतीरापर्यंत उपसत होते.

येणेप्रमाणे होडी जाहली. दफ्तरी ती त्र्यंबकपंतांची म्हणून नोंदली आहे, दोन्ही तीरांवर तीस सगुणाबाईंची होडी म्हणतात. ज्यास जे वाचावयाचे ते त्याने वाचावे. लिहिणाराने दोन्ही लिहिले, आणि शाई सरली म्हणून लेखणी खाली ठेविली.